ट्यूबची लेस

मालकांची नवी गाडी परभणीच्या रस्त्यावर निघाली की लोक मालकांनाच ड्रायव्हर समजायचे. गाडी मुंबईच्या लिलावातली, कुठल्याशा परदेशी वकिलातीची, आणि तिचं स्टिअरिंग डावीकडे. मी डाव्या अंगाला बसून ती हाकायचो आणि मालक उजवीकडे, जिथं आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथं, हातात काहीच नसताना बसायचे. समोरून ट्रक आला की त्यांचे पाय आपोआप ब्रेक शोधायचे. चौकातला पोलीस शिट्टी मारून नेमका त्यांच्याच खिडकीशी यायचा. "काय डायवर, दिसंना गेलं काय?" मालक लाल व्हायचे. मी पुढं बघत राहायचो.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मालकांचं कापसाचं जिनिंग पुन्हा नीट चालायला लागलं होतं आणि थोरल्या लेकीची सोयरीक जिंतूरला जमत आली होती. गाडी त्याचसाठी घेतली, असं बाई म्हणायच्या. बाई म्हणजे मालकांची बायको. "जावयाला दावायला घेतलीया, बसायला न्हाई," असं त्या मालकांच्या तोंडावर म्हणत आणि मालक पेपर वर धरत.

मी मूळचा मालवणकडचा. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो आणि त्या ट्रकबरोबर फिरत फिरत परभणीला आलो तो तापानं फणफणलेला. ट्रकवाला मला जिनिंगच्या फाटकाशी उतरवून निघून गेला. त्याला तरी काय बोलणार, त्याला माल पोचवायचा होता. मालकांनी मला आत घेतलं, रुईच्या गोदामाच्या ओसरीवर खाट टाकून दिली, डॉक्टर आणला. मी तापात पेज मागत होतो. बाईंना पेज ठाऊक नव्हती. "ह्ये पेज पेज काय म्हनायलंय?" असं विचारत विचारत त्यांनी भात पातळ करून मीठ घालून आणून दिला. ती पेज नव्हती, पण मी जगलो. बरा झाल्यावर मालकांनी लायसन काढायला लावलं आणि जीप हातात दिली. हे सगळं आधी सांगतो, कारण झरीला जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

मुंबईहून गाडी आणायला मालकांनी मला एकट्याला पाठवलं होतं. तिथं एका गॅरेजमध्ये ती धुऊन, तेलपाणी करून घ्यायची होती. मी तिथंच गाडीत झोपत होतो, कोण काय काढून नेईल या भीतीनं. पण एवढं लक्षात ठेवा, गाडी आणि मी, दोघंच, आणि मालक परभणीत.

जिंतूरला सोयरीक पक्की करायला आम्ही सकाळीच निघालो. मालक पांढऱ्या कोटात, मागं बाई, बाईंच्या मांडीवर साडीचोळीचं ताट आणि शेजारी पेढ्यांचा पुडा. मुलाकडच्यांनी दुपारच्या आत या म्हणून सांगितलं होतं. झरी गाव आलं, एस.टी.चा थांबा दिसायला लागला आणि मागचं चाक बसलं. उतरून बघितलं तर बैलाच्या नालेचा खिळा बेमालूम आत गेलेला.

"स्टेपनी घाल," मालक म्हणाले.

डिकीतून स्टेपनी काढली तर तीही मऊ. अंगठ्यानं दाबली की आत जात होती. मी निघताना बाकीच्या चाकांची हवा तीन-तीनदा बघितली होती आणि हिची बघायची राहून गेली होती. मालकांनी नुसतं घड्याळाकडं बघितलं. सोयरिकीच्या दिवशी अपशब्द नको म्हणून असेल.

थांब्यासमोर पत्र्याच्या छपराखाली एक पंक्चरचं दुकान होतं. दुकान कसलं, हातपंप, पाण्याची परात, टायर उचकटायच्या दोन टामी आणि एक खाट. दुकानदार म्हातारे होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. आम्ही चाक तिथवर लोटत नेलं. चाचांनी खिळा उपटला, टामी घातली, पायानं दाब देऊन टायरची एक बाजू रिंगवरून उतरवली आणि ट्यूब ओढायला आत हात घातला. हात तसाच आत. मग दुसऱ्या बाजूनं हात घातला. मग ते वाकून आत बघायला लागले.

"अरे बाबा," ते म्हणाले, "इसमें ट्यूबच नै है!"

मालक म्हणाले, "नीट बगा."

"क्या नीट देखूं? अंदर खाली है. खोखला!"

मालक माझ्याकडं बघायला लागले. मी टायरकडं. मला खरंच काही कळत नव्हतं. टायर म्हणजे आत ट्यूब, एवढंच मी शिकलो होतो. ट्रकवर, जीपवर, गावच्या सायकलवर.

"स्टेपनी आना," मालक म्हणाले.

स्टेपनी आणली. चाचांनी तीही उतरवली. तिच्यातही ट्यूब नव्हती.

आता थांब्यावरची माणसं गोळा झाली होती. एकजण म्हणाला, "दोन्ही इकल्या की!" कुणीतरी हसलं. दुसरा म्हणाला, "डायवर कुटला हाय?" "कोकनी दिसायलाय." "मंग इकल्याच."

त्या काळी ड्रायव्हर लोक असलं करायचे, हे खोटं नाही. चांगली ट्यूब काढून दहा ठिगळांची घालायची, हे सर्रास चालायचं. पण ठिगळाचीसुद्धा न घालता नुसतीच काढून घ्यायची, एवढं धाडस कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. तसं म्हणायला तोंड उघडलं आणि एवढंच बाहेर आलं, "मालक, मी नाही."

"तू न्हाईस तर मग गाडी मुंबईत कोनाकडं होती?"

"माझ्याकडं."

"मग?"



चाचांनी रिंग उलटी करून बघितली. "देखो साब, वाल तो रिंगकूच बैठेला है." हवेची नळी ट्यूबला असते, इथं ती लोखंडातच घट्ट बसवलेली होती. मला वाटलं, हे माझ्या बाजूचं काहीतरी आहे. पण मालकांनी लगेच बोट नाचवलं.

"बगा! ट्यूब काढली आन् वाल तेवढा चिटकवून ठिवला, वरून दिसावा म्हनून! लय डोकं लावलंय बगा ह्यानं."

माणसांनी माना डोलावल्या. एकदा कुणी तुम्हाला चोर धरलं की रिंगचा व्हॉल्वसुद्धा तुमच्या विरुद्ध साक्ष देतो, हे मी तिथं शिकलो.

मालकांनी हात पुढं केला. मी किल्ली दिली. "बस तिथं," त्यांनी खाटेकडं बोट केलं. "हलायचं न्हाई. सोयरीक हुंदे, मग परभनीला तुज्याकडं बगतो. ठाण्यावरच नेतो." आणि भोवतालच्या माणसांना म्हणाले, "ध्यान ठिवा हो ह्याच्यावर."

मी खाटेवर बसलो. सुंभाची खाट, मध्ये झोळ पडलेली, बसलं की गुडघे छातीशी येत. पत्र्याखाली ऊन तापलं होतं. समोर माणसांची भिंत आणि भिंतीच्या फटीतून ती लांब निळी गाडी, एका बाजूला कलंडलेली, आणि आत बाई ताट धरून बसलेल्या. त्या उतरल्या नाहीत. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त भीती त्यांचीच होती. मालकांनी चोर म्हटलं ते सोसलं. बाईंनी म्हटलं असतं तर ज्या हातानं त्यांनी भात पातळ केला होता तो हात मला आयुष्यभर दिसला असता.

तेवढ्यात औरंगाबादकडं जाणारी एस.टी. येऊन थांब्यावर लागली. बघे तिकडं वळले, काहीजण चढायलाच आलेले होते ते पळाले. माझ्या आणि बसच्या दाराच्या मधे कुणीच राहिलं नाही. कंडक्टर ओरडत होता, "चला, चला, मागं जागा हाय!" मी उठलो असतो तर कुणी धरलं नसतं. खिशात तिकिटापुरतं होतं. मी चपला पायात सरकवल्यासुद्धा. पण पळालो म्हणजे ट्यूबा मीच विकल्या, हे ठरलं असतं, आणि ते मालवणपर्यंत पोचलं असतं. घंटी वाजली. बस गेली. धूळ खाली बसली तेव्हा मी तिथंच होतो.

"कुठले तुम्ही?" कुणीतरी विचारलं.

पन्नाशीचे गृहस्थ होते, स्वच्छ लेंगा-सदरा, काखेत छत्री. त्यांची सायकल चाचांकडं सकाळपासून पडलेली होती. चाचा त्यांना म्हणाले, "जय भीम गुरुजी. सायकल शाम कू देतूं, आज ये लफडा हो गया."

"जय भीम. असू द्या," ते म्हणाले आणि खाटेवर माझ्या शेजारी बसले. खाट आणखी खाली गेली. मी गाव सांगितलं. तेवढ्या लांबून आला होय, असं म्हणून त्यांनी एकाला पाणी आणायला पिटाळलं. मी तांब्या तोंडाला लावून सगळा संपवला. मग त्यांनी माझी सगळी हकीगत काढून घेतली, शाळेत एखाद्या पोराकडून काढून घ्यावी तशी, मध्येच 'हं' म्हणत.

मग उठून मालकांकडं गेले. "शेठ, सकाळी चाकात हवा होती का?"

"हुती की."

"ट्यूबशिवाय हवा राहील का?"

"न्हाई राहनार."

"मग सकाळी ट्यूब होती. आता ती चालत्या गाडीतून काढली कुणी?"

मालकांनी एकदा चाकाकडं बघितलं. मग म्हणाले, "गुरुजी, ह्ये डायवर लोक लय पोचलेले असत्यात. तुमाला न्हाई ठावं." तरी त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. ती जाईना, तेव्हा ते चाचांना म्हणाले, "तिसरं चाक उगडा. बगू त्यात हाय का."

मी खाटेवरून उठलो आणि धावत जाऊन पुढच्या चाकाला मिठीच मारली. "मालक, हे उघडू नका! यात हवा आहे. हे उघडलं तर गाडी इथून हलायचीच नाही."

"बगा, भ्यायलाय!" मागून एकजण म्हणाला.

मी त्या चाकाला धरून बसलेलो, आणि गुरुजी माझ्या डोक्यावरून वाकून टायरवर काही वाचायला लागले. रुमालानं त्यांनी चिखल पुसला. कडेला उठावाची इंग्रजी अक्षरं होती. मी ती रोज धुवायचो. मला ते कंपनीचं नाव वाटायचं. शाळेत इंग्रजी नुकतं सुरू झालं होतं तेव्हाच मी बाहेर पडलो होतो.

"ट्यूब," गुरुजींनी वाचलं. "ट्यूब... लेस."

"म्हंजी?"

"लेस म्हणजे कमी. वजाबाकीत म्हणतात." त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे यात ट्यूब कमी लागत असावी. लहान मापाची."

"लहान कितनी?" चाचा म्हणाले. "सायकल की डालूं क्या?"

"गुरुजींचीच घाला की! नाहीतरी सांजेलाच मिळायचीया!" गर्दीतून एकजण म्हणाला आणि हशा पिकला. गुरुजीही हसले. मालक नाही हसले. ते म्हणाले, "लहान का हुईना, हुती म्हंजी हुती. ती कुटं हाय?"

चाचा मात्र अजून त्या शब्दातच अडकले होते. "लेस तो बूटां की रहती गुरुजी. बूटां में डालते ना, वो."

माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. "लेसा आहेत!" मी ओरडलो. "डिकीत आहेत, चाचा! बुटाच्या लेससारख्याच!"

गाडी आणली त्या दिवशी मालकांनी डिकी उघडून बघितली होती. सतरंजीखाली कोपऱ्यात एक पत्र्याची चपटी डबी होती. आत मेणकागदात गुंडाळलेल्या तपकिरी, चिकट, डांबराचा वास मारणाऱ्या दोऱ्या, आणि मुठीचे दोन टोचे. "कसली ही घान, फेकून दे," मालक म्हणाले होते. दुसऱ्याच्या वस्तू फेकायला माझा हात होत नाही. मी ती परत सतरंजीखाली ढकलली होती.

डबी आणली. झाकणाच्या आत चित्र होतं: एक हात, एक टोचा, आणि टायरमध्ये अर्धी गेलेली दोरी. चित्रातल्या टायरच्या पोटात ट्यूब दाखवलेली नव्हती. कुठंच नव्हती.

"ट्यूब की लेस," चाचा समाधानानं म्हणाले. "बोल्या ना मैं."

आता सगळं सोपं वाटतं. तेव्हा तसं नव्हतं. कुणालाच अजून पटलेलं नव्हतं की गाडीचं चाक ट्यूबशिवाय चालतं. एवढंच पटलं होतं की या लेसेचा ट्यूबशी काही संबंध आहे. मी मालकांपुढं उभा राहिलो. "मालक, ही लेस भोकात घालतो आणि तशीच हवा भरतो. हवा राहिली तर यात ट्यूब कधी नव्हतीच. नाही राहिली तर मला ठाण्यावर न्या."

हे बोलून मी माझ्याच हातानं दार लावून घेतलं होतं. दुसरा रस्ताच ठेवला नव्हता.

मालकांनी किल्ली खिशात चाचपली. "घाल."

एका टोच्याला कानशीसारखे दात होते. तो खिळ्याच्या भोकात घालून मी फिरवत फिरवत आतबाहेर केला. खरखर आवाज आला. दुसऱ्याला दाभणासारखं नेढं होतं. त्यात लेस ओवून चाचांनी आणि मी मिळून जोर लावला. लेस अर्धी आत गेली, मग टोचा झटक्यात ओढून काढला. लेस आतच राहिली, दोन शेपट्या बाहेर. चाचांनी त्या पात्यानं कापल्या. ते काम इतकं थोडक्यात झालं की बघणाऱ्यांना वाटलं आम्ही अजून सुरुवातच करायलोय.

टायर रिंगवर चढवून पंप जोडला. चाचा आणि मी आळीपाळीनं मारायला लागलो. हवा जेवढी आत जाई तेवढी कडेनं फुसफुसत बाहेर येई. टायर रिंगला टेकतच नव्हता, सगळीकडून फट. माझा सदरा भिजून अंगाला चिकटला. हात भरून आले. फुसफुस थांबेना.

"न्हाई राहत," कुणीतरी म्हणालं. मला तोंड वर करायचा धीर झाला नाही. मी पंप मारत राहिलो, कारण थांबलो की संपलं.

"आरं थांब, थांब!" हे मालक होते. "असं का हुतंय? टायर कडंला चिटकाय पायजे. आवळाय पायजे त्याला." जिनिंगवर रुईच्या गाठी बांधताना ते रोज उभे राहायचे, कुणी ढिली गाठ आवळली की त्यांच्यानं बघवत नसे. आता सोयरीक, चोर, सगळं विसरून त्यांनी पांढरा कोट काढून चाचांच्या पत्र्याला अडकवला. "दोर आना."

कडब्याच्या गाडीवरचा दोर आला. मालकांनी तो टायरच्या पाठीवरून गोल गुंडाळला, गाठ मारली, आत एक दांडकं घातलं आणि पिळायला लागले. टायर मधे दबला, त्याच्या कडा बाहेर फुगल्या आणि रिंगला जाऊन भिडल्या. "साबन लावा!" चाचांनी कडेला साबणाचं पाणी सोडलं. "मार आता! मार रं कोकन्या!"

मी मारला. बुडबुडे आले, मग कमी आले, मग एकाच जागी आले. मालकांनी दांडकं आणखी एक पीळ फिरवलं. फुसफुस थांबली. पंपाचा दांडा जड झाला, आणि एकाएकी फाडकन आवाज झाला. सगळे मागं पळाले. मालक दांडकं सोडून खालीच बसले. मला वाटलं टायर फुटला. पण चाचा उभेच होते. "बैठ गया, बैठ गया! अब दूसरी बाजू." परत एक फाडकन. दोन्ही कडा रिंगवर बसल्या होत्या. दोर सोडला. मी लेसेवर थुंकी लावली. बुडबुडा नाही. चाक परातीत बुडवून फिरवलं. बुडबुडा नाही.

मघाशी 'इकल्याच' म्हणणारे वाकून परातीत बघायला लागले. गुरुजींनी टायर बोटांनी वाजवून बघितला, पिकलंय का बघावं तसा. "म्हणजे लेस म्हणजे नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "ट्यूब-नाही. बरोबर. मी उगाच कमी म्हणालो."

मालकांनी कोट घातला, मला किल्ली दिली, म्हणाले, "चल, उशीर झाला." एवढंच. स्टेपनी तशीच उघडी डिकीत टाकली. मी चाचांचे आणि गुरुजींचे पाय धरायला वाकलो तर गुरुजींनी दंडाला धरून उभा केला. "पाय धरायचे नाहीत," ते म्हणाले, "नीट चालव." त्या दोघांची मला नावंसुद्धा विचारायची राहिली. पण त्या दिवशी मला माणसांत परत घेतलं ते त्यांनी.

तिथून जिंतूरपर्यंत मी गाडी चालवली असं म्हणता येणार नाही. मी ती कानांनी नेली. खडा उडाला की लेस निघाली वाटायचं. आरशात ते चाक दिसायचं नाही, म्हणून उगाच मान बाहेर काढून बघायचो. चाक बसलं असतं तर पुन्हा तीच खाट आणि तेच 'मग?'. मालक शेजारी पायांनी ब्रेक शोधत. मागं बाई ताट सांभाळत. गाडीत पेढ्यांचा आणि डांबराचा वास येत होता.

पोचलो. मुलाकडची माणसं अंगणात आलीच होती, पण नजर पाहुण्यांवर कुठली, सगळी गाडीवर. मुलाचे वडील भोवतीनं फिरले. मालकांची छाती फुगली. "ह्या गाडीला ट्यूब नसती," ते म्हणाले.

"काय म्हंता?"

"इलायती हाय. ट्यूब म्हनून नसतीच. पंक्चर झालं तर नुस्ती लेस घालायची, झालं. आत्ताच झरीला घातली. मी सोता आवळली." मग माझ्याकडं वळून, "दाव रं ह्यांस्नी. सांग."

मी पुढं झालो. खाली बसून ती लेस दाखवली, टोचा कसा फिरवायचा, दोर कसा आवळायचा, सगळं सांगितलं. मालक मध्येमध्ये माझं वाक्य पुरं करत होते. सांगून झालं तसा मी उठलो आणि मागं सरलो.

बाई ताट घेऊन ओसरीच्या पायरीवर पोचल्या होत्या. त्या तिथूनच वळल्या.

"आन् ह्येंनी तुला चोर म्हनलं, खाटंवर बसवून ठिवलं, त्ये बी सांग की पाव्हन्यास्नी."

मालकांचा चेहरा, पोलीस खिडकीशी आल्यावर व्हायचा तसा झाला. मग मुलाचे वडील जोरात हसले, आणि त्यांच्यामागून बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी मालक.

"म्हनलं," मालक म्हणाले. "मंग काय म्हनू? टायरात ट्यूबच न्हाई म्हनल्यावर मानसानं दुसरं काय म्हनावं?"

यापेक्षा जास्त माफी त्यांनी मागितली नाही आणि मी ती तेवढीच घेतली. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी चाकाशी परत खाली बसलो आणि लेसेवर अंगठा ठेवून बघितलं. बाई आत गेल्या. जाता जाता कुणाला तरी सांगताना ऐकू आलं, "डायवरला आदी जेवाय वाडा. सकाळधरनं पोटात काय न्हाई त्याच्या."